खांद्यावरची आबोली

डिचोलीजवळच्या एका गावात जत्रेच्या रात्री ‘संशयकल्लोळ’ पाहिलं. पालखी देवळात परतली, आणि बारा वाजून गेल्यावर पडदा उघडला. नट गावचेच, आणि वर्गणी जमली तेवढ्यात बसवलेलं नाटक. रंग उडालेला रस्त्याचा पडदा, दोन खुर्च्या आणि प्लायवुडची एक खिडकी. त्या खिडकीतून फाल्गुनरावांची बायको कृत्तिका इतकी वाकली की खिडकीच पुढे कलली. फाल्गुनरावांनी एका हाताने घेरी आलेली रेवती सावरली आणि दुसऱ्या हाताने खिडकी! संवाद मात्र चुकू दिला नाही. चटईवरच्या आम्ही बायका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. माझ्या मांडीवरचा खाज्याचा पुडा सांडला तेही कळलं नाही.

गोष्ट तशी आपल्या सगळ्यांना पाठ. रस्त्यात रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला आधार देतात आणि नेमकं ते त्यांची बायको बघते. रेवतीकडून पडलेली तिच्या प्रियकराची, आश्विनशेटची तसबीर बायकोला सापडते, आणि ती न्याहाळताना नवरा बघतो. झालं! गोविंद बल्लाळ देवलांनी हे १८९३ साली गद्यात लिहिलं. पदं घातलेलं ‘संशयकल्लोळ’ गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली रंगभूमीवर आणलं. तेव्हा बालगंधर्व रेवती होते आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव. याचं मूळ शोधत गेलं तर मोलियरच्या १६६० सालच्या फ्रेंच प्रहसनापर्यंत पोचतं. म्हणजे साडेतीनशेहून जास्त वर्षं माणसं या एकाच तसबिरीला हसत आली आहेत.

घरी येताना मनात एकच घोळत होतं. यात कुणाचे डोळे चुकलेले नाहीत. कृत्तिकेने पाहिलं ते खरं होतं, फाल्गुनरावांनी पाहिलं तेही खरं. पण दोघांनीही पाहिला तो अर्धाच प्रसंग, आणि उरलेला अर्धा मनाने भरून काढला. बरं, नवराबायको गप्प बसतात असंही नाही. रात्रभर बोलतात, भांडतात. विचारत मात्र नाहीत. निकाल आधी लागलेला असतो, प्रश्न नुसता तोंडी असतो. ‘ही कुठली?’ हे दोन शब्द मासळीचा भाव विचारावा इतक्या सहज आले असते, तर पहिल्या अंकातच पडदा पडला असता. आणि मला सगळ्यात लागलं ते हे, की फाल्गुनराव त्या क्षणी एक चांगलं काम करत होते. चक्कर आलेल्या मुलीला सावरत होते. संशयाने घरातलं सुख जातंच, पण समोरच्याचा चांगुलपणाही आपल्याला दिसेनासा होतो.

जत्रेनंतर आठवड्याभरातली गोष्ट. ह्यांचा शर्ट धुवायला टाकताना खांद्यावर आबोलीची दोन फुलं चिकटलेली दिसली. आमच्या घरी तर चार दिवसांत आबोली आली नव्हती. खोटं कशाला बोलू, हात क्षणभर थांबला. प्रश्न ओठावर आला होता, पण त्याचा सूर मलाच आवडला नाही. तो गिळला. शर्ट पिळला, वाळत घातला, चहा ठेवला आणि मग कप पुढे करत विचारलं, “अहो, शर्टाला आबोली कुठली लागली?”

“बसमध्ये फुलवाल्या मावशी होत्या,” हे म्हणाले. “डिचोलीला त्यांची पाटी उतरवून दिली. केवढी जड होती, पाणी मारलेली सगळी! गुडघे दुखतात म्हणाल्या. रोज पहाटे पेडण्याहून येतात.” मग कप खाली ठेवून खिशात हात घातला. “अगं, विसरलोच की. तुला म्हणून ही वेणी दिलीय त्यांनी.”

वेणी खिशात पार चुरगळली होती. मी तशीच माळली.