न केलेल्याचं फळ

दोरीला बांधलेली बाटली विहिरीतून वर आली, तेव्हा तिच्यातलं पाणी कोऱ्या चहासारखं दिसत होतं. विहीर ज्यांची, त्या सत्तरीच्या आजी कठड्याला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाई, आमचंच काई तरी पाप असंल मागल्या जन्माचं." मी बाटलीवर वेळ लिहिली, विहिरीचा क्रमांक लिहिला आणि काहीच बोलले नाही. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते.

भूजलाची तपासणी हे माझं तीस वर्षांचं काम. त्याआधी मी एका संस्कृत शिक्षकाची मुलगी. कर्मसिद्धान्त कशासाठी मानायचा, हे वडील दोन शब्दांत सांगत: कृतनाश आणि अकृताभ्यागम. केलेलं कर्म फळ न देताच नाहीसं होणं हा पहिला दोष, न केलेल्याचं फळ पदरात पडणं हा दुसरा. हे दोष नकोत, म्हणून आपल्या दर्शनकारांनी कर्माचा हिशेब एका जन्मापलीकडे नेला. लहानपणी मला हे पटलं होतं. त्या दिवशी मात्र दोन्ही दोष माझ्या हातातल्या एका बाटलीत होते. टाकणारा टाकून निघून गेला होता, आणि पिणारीने काहीच टाकलं नव्हतं.

विहिरीच्या चढाच्या अंगाला एक पडीक तुकडा होता. तिथे पूर्वी रात्रीचे ट्रक येत, असं गुराखी सांगायचे. आम्ही जमिनीत भोक पाडणारा ऑगर लावला. वरची वीतभर माती काळी, निरोगी, तिच्यावर गवतसुद्धा उगवलेलं. दोन हात खाली गेल्यावर पात्याला गंजाच्या रंगाचा चिकट गाळ लागून आला. त्याचा वास दिवसभर नाकातून गेला नाही. त्याखाली मुरूम. मुरमातून झिरपलेलं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांत शिरतं आणि भेग नेईल तिकडे जातं. म्हणून शेजारची विहीर गोड राहते आणि अर्ध्या कोसावरची नासते. लोक त्याला नशीब म्हणतात. पाण्याची वाट कळायला निदान तीन विहिरींची पातळी एकाच वेळची लागते, आणि चढावरची एक स्वच्छ विहीर तुलनेला लागते. बोअरमधलं साचलेलं पाणी आधी उपसून टाकायचं, वाहकता स्थिरावली की मगच बाटली भरायची. धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्लाचे थेंब, मग बर्फाची पेटी, सील, सही. इतका काटेकोरपणा कशासाठी, तर कर्म आणि कर्ता यांची सुटलेली गाठ पुन्हा बांधता यावी म्हणून. माझ्या लेखी हे देवपूजेहून कमी नाही.

अहवाल आल्यावर मी आजींकडे गेले. "आजी, वरच्या विहिरीत यातलं काही नाही. हे त्या खड्ड्यातून आलंय."

त्या जरा वेळ बघत राहिल्या. "म्हंजे माझं न्हाई ते," म्हणाल्या. आणि लगेच, "मग पानी कवा निवळंल?"

तेव्हा मला बिछडी आठवलं. उदयपूरजवळच्या या गावात १९८०च्या दशकाच्या अखेरीस एच-आम्ल तयार होत होतं, कापडाच्या रंगांसाठी लागणारं. ३७५ टन मालामागे सुमारे २,४४० टन गाळ. माल निर्यातीचा होता. रंग परदेशी गेला, गाळ बिछडीच्या मातीत राहिला आणि विहिरी नासल्या. १९८९ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने पाहणी केली, आणि १३ फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल लागला: ज्याने नासवलं त्याने भरावं. माती-पाणी सुधारण्याचा खर्च ३७.३८५ कोटी रुपये ठरला. ती रक्कम चक्रवाढ व्याजासह भरा, असं न्यायालयाला २०११ मध्ये पुन्हा बजावावं लागलं.

कृतनाश टाळण्याचा इतका चिवट प्रयत्न मी दुसरा पाहिलेला नाही. पण अकृताभ्यागमाचं काय? मधल्या बावीस वर्षांत ज्यांनी ते पाणी प्यायलं, शेताला दिलं, त्यांचं भोगून झालं. इथे मागचा जन्म पुढे करण्याचा मोह होतो, आणि इथेच मी तो नाकारते. केलेलं कर्म सुटू नये म्हणून जो विचार जन्माला आला, तोच ट्रकवाल्याला लपायला जागा देतो आहे, आणि आजींना गुन्हेगार ठरवतो आहे. वडील असते तर मी त्यांच्याशी यावर भांडले असते. त्यांनी मला उलट विचारलं असतं, तुझ्या अंगावरच्या लुगड्याचा रंग कुठून आला? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

रोज सकाळी पाय टेकण्याआधी मी जमिनीला हात लावते, पायांचा स्पर्श सहन कर म्हणून. हल्ली ऑगर लावण्याआधीही लावते. कुणाच्या वतीने क्षमा मागते आहे, हे मात्र मला दर वेळी ठरवावं लागतं.