पाठ आणि पोट

बँकेच्या काउंटरवर बावीस वर्षं बसल्यामुळे माणूस समोर आला की त्याची पत ओळखता येते, असा माझा एक समज होता. तो समज एका सशाने घालवला. सशाने म्हणजे खरं तर सशिणीने. पण हा फरकसुद्धा आम्हांला पंधरा दिवसांनी कळला.

झालं असं, की कन्येच्या वाढदिवसाला काहीतरी जिवंत आणायचं ठरलं. कुत्र्याला सौ.चा विरोध, मांजराला आईचा विरोध आणि पोपट पाळायला कायद्याचा विरोध. उरला ससा. विकणाऱ्याने त्याला उलटा धरला, जाणकारासारखं पाहिलं आणि म्हणाला, "नर आहे, साहेब." मीही मान डोलावली. आयुष्यभर सह्या पडताळल्या आहेत, पण इथे नमुन्याची सहीच ठाऊक नव्हती. सशाचं नाव बंडोपंत ठेवण्यात आलं.

पंधराव्या दिवशी बंडोपंत स्वतःच्या छातीवरचे केस उपटून खोक्यात गादी घालू लागले. मी घाबरून जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, "डॉक्टर, आमच्या सशाला बहुधा वैराग्य आलंय."

डॉक्टर हसले. "वैराग्य नव्हे, बाळंतपण आलंय. अभिनंदन!"

दुसऱ्या दिवशी सकाळी खोक्यात सहा पिल्लं. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, जेमतेम अंगठ्याएवढी. बंडोपंतांच्या बंडाबाई झाल्या. सौ.ने डिंकाचे लाडू करायचेच काय ते बाकी ठेवले.

पण बंडाबाईंचं लक्षण काही ठीक दिसेना. बाई पिल्लांच्या जवळ फिरकतच नव्हत्या. सबंध दिवस दुसऱ्या कोपऱ्यात पिल्लांकडे पाठ करून बसायच्या आणि कोथिंबीर खायच्या. मधूनच पाय पसरून असा काही आळस द्यायच्या, की जणू ती पिल्लं शेजारच्या बिऱ्हाडातली!

घरात न्यायालय बसलं. कन्या रडून म्हणाली, "ती दुष्ट आहे." सौ. म्हणाली, "अहो, हिला आई कोण म्हणेल? मांजर बघा, पिल्लांना सोडून हलत नाही." मी कॉमर्सचा पदवीधर, मी हिशेब मांडला. दोन दिवसांत जन्मदात्रीची हजेरी शून्य. निकाल एकमताने लागला : माता कर्तव्यात कसूर करते. आई तेवढी खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. तिचं मत कुणी विचारलं नाही.

निकालाची अंमलबजावणी त्याच रात्री झाली. सगळ्यांत लहान पिल्लू आम्ही उचललं. त्याला दुलईत गुंडाळलं, कोमट केलेलं गाईचं दूध बोळ्याने पाजलं. आम्ही तिघंही आळीपाळीने जागलो. इतक्या मायेने आमच्या घरात माझ्या तापातसुद्धा कुणी जागलं नव्हतं.

सकाळी ते पिल्लू गेलेलं होतं.

डॉक्टर फोनवर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. ते शांतपणे म्हणाले, "गाईचं दूध त्यांना सोसत नाही हो. शिवाय ते नाकात जातं. बाकीच्यांची पोटं बघा बरं." बघितली. पाचही पोटं लिंबासारखी गोल आणि टम्म! आता हे माझ्यासारख्या कारकुनाला न उलगडणारं कोडं होतं. खात्यावर रोज रक्कम जमा दिसते आहे आणि भरणा करणारा काउंटरवर कधी आलेलाच नाही!

त्या रात्री मी बारापर्यंत पाळत ठेवली आणि मग, बँकेत ठेवतात तशीच, खुर्चीत डोळे मिटून ठेवली. पहाटे आईने हलवलं. तोंडावर बोट ठेवून तिने खोक्याकडे खूण केली. बंडाबाई पिल्लांवर उभ्या होत्या. खाली पाच जीव उताणे होऊन लुचत होते. चार मिनिटं, फार तर पाच. मग बाई टुणकन बाहेर आल्या आणि पुन्हा पाठ करून बसल्या.

"रोज याच वेळी येते," आई म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारत कुठे होतात? तुम्ही निकाल देत होतात."

पुढे डॉक्टरांनी सगळा उलगडा केला. पाळीव सशांचे पूर्वज युरोपात जमिनीखाली बिळं करून राहणारे. तिथली सशीण दिवसातून एकदा येते, काही मिनिटांत पिल्लांची पोटं भरते आणि जाताना बिळाचं तोंड मातीने बुजवून टाकते. दूध गाईच्या दुधापेक्षा तिपटीने स्निग्ध, म्हणून एकदा पुरतं. ती सारखी ये-जा करू लागली तर तिच्या वासावर कोल्हा येईल. म्हणजे आम्ही जिला बेपर्वाई म्हटलं, ती राखण होती. आणि आम्ही जिला माया म्हटलं, तिने एक जीव घेतला.

हे एवढं झाल्यावर मला झोप लागेना. कारण माझ्याकडे एक जुनं खातं उघडं होतं.

१९८७ साली वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आईने मला वाईला मामाकडे ठेवलं आणि ती डी.एड. करायला कोल्हापूरच्या वसतिगृहात गेली. दोन वर्षं. महिन्यातून एका रविवारी यायची, माझी नखं कापायची, वह्या तपासायची आणि संध्याकाळी साताऱ्याच्या एसटीत बसायची. मी स्टँडवर हात हलवत राहायचो. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पुढे तिच्या मास्तरकीच्या पगारावर मी शिकलो, नोकरीला लागलो. पण ती न वळलेली मान मी खात्यातून कधी वजा केली नाही. प्रेमाची मी फक्त हजेरी मोजली होती.

आता कुणी म्हणेल, मग पाठ फिरवणारा प्रत्येकजण काय आतून मायाळूच समजायचा? छे! पाठ फिरवून खरोखरच निघून गेलेले बाप, मुलगे मीही पाहिले आहेत. पण पाठीवरून दोघांतला फरक कळत नाही, एवढंच. आपल्याकडे पाठीवर मारा, पोटावर मारू नका, असं म्हणतात. मला वाटतं, निकाल देणाऱ्यानेही तेवढं पाळावं. पाठ बघून निकाल देऊ नये. आधी पोटं बघावीत. आणि स्वतःच्या मायेचा बोळा कुणाच्या तोंडात घालण्यापूर्वी तर जरूर बघावीत.

पाचही पिल्लं महिन्या-दीड महिन्यात टुणटुण उड्या मारू लागली. सहाव्याची जागा कन्येने कुंडीखाली ठरवली. तिथे ती अजून पाणी घालते.

एका दुपारी धीर करून मी आईला विचारलंच, "वाईच्या स्टँडवर तू मागे वळून का बघायची नाहीस?"

आई जरा थांबली. मग म्हणाली, "कंडक्टरने तिकीट फाडलेलं असायचं रे. बघितलं असतं तर उतरावं लागलं असतं. पैसे फुकट गेले असते."

एवढं बोलून तिने शेंगांची परडी पुढे ओढली आणि उजेड नीट येत नाही म्हणून माझ्याकडे पाठ करून बसली.