सामाईक वस्तूतला बदल

प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या वर्गांतून सध्या एक वाक्य सुभाषितासारखे घोकून घेतले जाते: असलेली वस्तू बदलू नका, नवी करा. मुलाखतीला बसलेला विद्यार्थी पायथॉनमधल्या सॉर्ट आणि सॉर्टेड यांतला फरक खडाखडा सांगतो. पहिले यादी जागच्या जागी लावते आणि परत काहीच देत नाही. दुसरे मूळ यादीला हात न लावता नवी यादी देते. लगेच तो निवाडाही करतो की दुसरे चांगले. का, असे विचारले तर उत्तर येते, 'साइड इफेक्ट नको म्हणून'. तो का नको, कोणाला नको, हे कोणी विचारत नाही.

या भीतीमागे मोठी परंपरा आहे. ॲलोन्झो चर्चचे लॅम्डा कॅल्क्युलस, फोरट्रानच्या जनकाने, जॉन बॅकसने, 1977 च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात स्वतःच्याच वारशावर केलेली टीका, 1990 चे हॅस्केल. हा इतिहास जाणकारांना ठाऊक आहे. जावास्क्रिप्टनेही 2023 मध्ये सॉर्टशेजारी टूसॉर्टेड आणून बसवले. हा सारा फक्त वेगाचा प्रश्न आहे असे मानणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. वाद घालायचा तो 'काहीच बदलू नये' म्हणणाऱ्यांशी, कारण त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्या खऱ्यावरच एक पिढी घडते आहे.

न बदलणारी वस्तूही कशी फसवते हे पाहण्यासाठी भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याचे उदाहरण घेऊ. मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या या भागात गोदामे उभी राहिली, समृद्धी महामार्ग जवळच आमण्याला येऊन मिळाला, आणि भातशेतीच्या जमिनी हातोहात फिरू लागल्या. इथल्या माणसाला सातबारा म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. खरेदीदारासमोर जुना उतारा ठेवला जातो. त्यावरचे एक अक्षरही बदललेले नसते. छापल्या दिवशी जे खरे होते तेच त्यावर आहे, आणि नेमके म्हणूनच तो फसवतो: दरम्यान वारसांची नावे लागली, बँकेचा बोजा चढला, एक हिस्सा विकला गेला. कागद मात्र शुद्ध राहिला. उलट सर्व्हे नंबर हा निव्वळ निर्देश आहे. तो घेऊन तुम्ही आज गेलात तर आजची स्थिती दिसते. प्रत स्थिर असते म्हणून सुरक्षित वाटते, पण शिळी होते. निर्देश ताजा असतो, पण त्याच्यामागची वस्तू तुमच्या नकळत बदलू शकते. अपरिवर्तनवादी दुसऱ्या दोषाबद्दल तासभर बोलतात आणि पहिल्याबद्दल गप्प राहतात.

ते म्हणतील, सगळ्या आवृत्त्या तारखेसह जपा, म्हणजे झाले. चांगली सूचना आहे. आपल्या महसूल व्यवस्थेने ती केव्हाच अमलात आणली आहे. गाव नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवही. तिथे नोंद पडल्याशिवाय आणि ती मंजूर झाल्याशिवाय सातबारावरचे नाव हलत नाही. जुने नाव पुसून नाहीसे करत नाहीत, ते रद्द झाल्याची खूण करतात, आणि नव्या नावापाशी फेरफाराचा क्रमांक येतो. पण एवढे करूनही 'आज कोणाचे' हे सांगणारा एक कागद उरतोच, आणि तो बदलावाच लागतो. हजार आवृत्त्या जपल्या तरी त्यांतली शेवटची कोणती हे दाखवणारे बोट हलणारच. क्लोजरसारख्या भाषेत त्या बोटाला ॲटम म्हणतात. म्हणजे बदल गेला नाही, एका कोपऱ्यात गोळा झाला. ही मोठी कमाई आहे हे मी मनापासून मानतो. पण तिला बदलाचे उच्चाटन म्हणणे खोटे आहे.

त्याहून बोलका पुरावा त्यांच्याच घरात आहे. क्लोजरमध्ये ट्रान्झियंट आहेत: फंक्शनच्या आत रचना जागच्या जागी बदलायची आणि बाहेर देताना गोठवायची. हॅस्केलमध्ये लाँचबरी आणि पेटन जोन्स यांनी 1994 मध्ये मांडलेला एसटी मोनॅड आहे: आत ॲरेची हवी तेवढी उलथापालथ करा, बाहेरून फंक्शन निर्मळच दिसेल, आणि टाइपची व्यवस्था त्याची हमी देईल. शुद्धतेचे सर्वांत कडवे पुरस्कर्ते ज्या बदलाला मोकळीक देतात, त्याला आपल्या वर्गांतून पाप ठरवले जाते, हे मला सहन होत नाही.

म्हणून माझ्या मते भेद बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या वस्तूंचा नाहीच. भेद एकट्याच्या आणि सामाईक वस्तूचा आहे. फंक्शनने आताच तयार केलेली, दुसऱ्या कोणाच्या हाती न गेलेली यादी जागच्या जागी लावली, तर साइड इफेक्ट घडतच नाही. तो पाहणारे कोणी नाही. तीच यादी दोन नावांनी दोन ठिकाणी धरलेली असेल, तर एक ओळ दुसऱ्याच्या पायाखालची जमीन काढून घेते. 1966 च्या जमीन महसूल संहितेतले कलम 150 हेच जाणते: फेरफाराची नोंद झाली की चावडीवर ती लावायची आणि हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीला वाव ठेवायचा. सामाईक खात्यात बदलाला बंदी नाही. गुपचूप बदलाला आहे.

यावर एकच आक्षेप मला वजनदार वाटतो: वस्तू आणखी कोणी धरली आहे हे प्रोग्रामरला कळणार कसे? पायथॉन आणि जावास्क्रिप्टमध्ये खरोखर कळत नाही, आणि तिथे नवी प्रत करण्याची सवय मीही सुचवीन. पण तो त्या भाषांचा उणेपणा आहे, बदलाचा नव्हे. 2015 मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्टने तो भरून काढला: एका वेळी एक लिहिणारा किंवा अनेक वाचणारे, दोन्ही एकदम नाही, आणि हा नियम प्रोग्राम चालण्याआधी कंपायलर तपासतो.

शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. सॉर्ट की सॉर्टेड हा प्रश्न विचारण्याआधी विद्यार्थ्याला विचारा, ही यादी या क्षणी आणखी कोणाच्या हातात आहे? त्याचे उत्तर त्याला देता आले, तर दोन्हीपैकी काहीही वापरायला तो मोकळा आहे.