वाळलेली मयूरशिखा आणि आईचा हिशेब

आमच्या गावच्या जिनमंदिराच्या काळ्या दगडी भिंतीत, सांध्यातला चुना जिथे झडलाय तिथे मयूरशिखा उगवते. जेमतेम वीतभर वाढणारा हा नेचा. बारीक देठावर मोराच्या तुऱ्यासारखं पान. ना फूल, ना बी. जीर्णोद्धाराचं निघालं तेव्हा आईचं म्हणणं पडलं, भिंत वैशाखातच खरवडून घ्या. ‘‘आत्ता वाळलीय गं ती, जीव कुठाय तिच्यात? श्रावणात हिरवी झाली की हात लावता यायचा नाही.’’ चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणारी बाई. तिचा हिशेब सरळ होता.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. उन्हाळ्यात या नेच्याची पानं आत वळतात, तपकिरी होतात, पेशींतलं बहुतेक पाणी निघून जातं. एवढं पाणी गेलं तर बाकीची बहुतेक झाडं मरतात. ही मरत नाही. पाऊस लागला की तेच वाळकं पान पुन्हा उलगडतं, हिरवं होतं. म्हणजे वैशाखातही ती सचित्तच, सजीवच. कोठीतलं वाळकं धान्य पेरलं तर उगवतं, म्हणून त्याला आपण अचित्त, निर्जीव म्हणत नाही; मग हिलाच का म्हणायचं?

‘‘मग भिंतीला हातच लावायचा नाही का?’’ आईनं विचारलं. प्रश्न रास्त होता. पिंपळाचं रोपही एकेंद्रिय, स्पर्श एवढंच इंद्रिय असलेला जीवच, पण त्याची मुळं दगड सरकवतात. ते काढावंच लागतं. झाडांसारख्या स्थावर जीवांची हिंसा गृहस्थाला पुरती टळत नाही, हे शास्त्रानंही मान्य केलंय. म्हणून तर अनर्थदंडविरतीचं व्रत सांगितलं: निष्कारण माती उकरू नये, निष्कारण पाला तोडू नये. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या केली तीही प्रमादापासून, म्हणजे बेफिकिरीपासून. तेव्हा ती वाळलीय की हिरवी, यापेक्षा ती का काढायची, हे आधी विचारायला हवं.

मयूरशिखेची मुळं दगड सरकवत नाहीत; सांध्यातल्या चिमूटभर मातीत भागवतात. ती नकोशी झाली ती केवळ भिंत फोटोत स्वच्छ दिसावी म्हणून. (आणि हेच आपण कुंभोजला जाऊन बाहुबलीपुढे हात जोडतो, ज्यानं तपाला उभं असताना अंगावर चढलेल्या वेलीही झटकल्या नाहीत!)

मंदिराच्या पंचमंडळींना माझी विनंती आहे: पिंपळ काढा, उघडे सांधे चुन्यानं भरा, त्यात जी जाईल ती जाऊ दे. बाकीच्या भिंतीवर तारेचा ब्रश फिरवू नका, वैशाखातही नको.