तुटलेला ढग



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४०.

क्रमाने आज बारावा अध्याय सुरू करायचा होता. पण गेले चार दिवस घरात जे चाललंय, त्यानंतर बाराव्यावर लिहिणं म्हणजे ढोंग झालं असतं. भक्ताची लक्षणं पुढच्या आठवड्यात बघू.

माझी भाची यंदा बारावी सायन्स झाली. सीओईपीला कॉम्प्युटर, हे तिचं नववीपासून ठरलेलं. सीईटीत पर्सेंटाइल आला ९६ च्या आसपास. बाहेरच्याला हा आकडा भारी वाटेल. ज्यांनी कटऑफच्या याद्या चाळल्यात त्यांना कळेल की त्या ब्रँचसाठी हा आकडा जवळपाससुद्धा नाही. कॅपच्या पहिल्या फेरीत तिच्या यादीतला अकरावा पर्याय लागला. शहराबाहेरचं कॉलेज, मेकॅनिकल. तेव्हापासून दार बंद, मोबाईल बंद.

ताईचा फोन आला. "तू रोज गीता वाचतोस ना, मग तूच समजाव तिला."

गेलो. आजीने आधीच फोनवर तुकोबांचा तो समाधानाचा अभंग ऐकवून झाला होता. मी दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक काढला, आपल्या सगळ्यांचा हुकमी. कर्म आपल्या हातात, फळ नाही वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, तुला फळ मिळालं होतं. ज्याला मिळतं तोच हे सांगतो."

मी चहा घेतला आणि घरी आलो. काय बोलणार होतो?

रात्रभर ते वाक्य डोक्यात. कारण ते खरं होतं. तुकोबांचं समाधान आपण सहज कोणाच्याही तोंडावर फेकतो, पण १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. त्या माणसाने समाधान म्हटलं तर त्याला वजन आहे. माझ्या समाधानाला कसलं वजन? माझा ईएमआय वेळेवर जातो, एवढंच.

मग अठरावा अध्याय काढला. चौदाव्या श्लोकात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, वेगवेगळ्या हालचाली आणि पाचवं दैव. दोनच श्लोकांनंतर येतं की एवढं असूनही जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसतच नाही. हे मी आजवर नेहमी हरलेल्याचं सांत्वन म्हणून वाचत आलो. पण नीट बघितलं तर ते जिंकलेल्यालाही तितकंच लागू आहे, उलट जास्तच. नापास झाला की नशीब, पास झाला की मेहनत, हा हिशोब गीतेत कुठेच बसत नाही.

पर्सेंटाइलचंच घ्या. तुम्हाला किती येतं हे तो सांगत नाही. तुमच्या शिफ्टमध्ये तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी मार्क मिळालेले किती टक्के, एवढंच सांगतो. म्हणजे निकालातली अर्धी गोष्ट अनोळखी पोरांच्या हातात. तरी तो आकडा ती स्वतःच्या नावासारखा कपाळावर लावून बसली होती.

आणि माझा आकडा? इथे एक कबुली द्यायची आहे. मला माझी सीट शेवटच्या फेरीत मिळाली. कोणीतरी ती सोडली म्हणून. कोणी सोडली, का सोडली, मला आजही माहीत नाही. घरात मात्र पंधरा वर्षं गोष्ट चालू आहे ती "मामाने कशी रात्र रात्र जागून मिळवली" याची. जागलो होतो, खोटं नाही. पण ती सीट न सुटती तर तेवढंच जागूनही मी दुसरीकडे असतो, आणि मग माझं जागरण कोणाच्या गोष्टीत आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि हे तिला सांगितलं. ताईच्या समोर. ताई जरा नाराज झाली, पोरीने मात्र पहिल्यांदा मान वर केली.

मग आजचे श्लोक वाचले. अर्जुन विचारतो, श्रद्धेने निघालेला पण मध्येच ढळलेला माणूस तुटलेल्या ढगासारखा विरून जात नाही का? ना इकडचा, ना तिकडचा. ती म्हणाली, "हो, हेच." कृष्ण सांगतो की चांगलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही, आणि पुढच्या श्लोकांत सांगतो की आधी कमावलेली बुद्धी त्याला परत मिळते, तिथून तो पुन्हा सुरू करतो.

"पण मामा, हे मोक्षाबद्दल आहे. कॉम्प्युटर ब्रँचबद्दल नाही."

बरोबर आहे. मी मान्य केलं. सीईटीचा अभ्यास म्हणजे योगसाधना असं मी म्हणणार नाही, आणि पुढे सगळं छान होईल असं वचन कृष्णही इथे देत नाही. माझ्यासाठी या श्लोकात एकच शब्द मोठा आहे. पूर्ण गीतेत अर्जुनाला पार्थ, कौंतेय, भारत अशा हाका आहेत. "तात" अशी हाक इथे एकदाच येते. म्हणजे जवळजवळ "बाळा". आपण वाया तर नाही ना गेलो, या भीतीला उत्तर देताना ती हाक. बरं, अख्ख्या पहिल्या अध्यायात कृष्ण एकच वाक्य बोलतो, बाकी सगळं ऐकतो. (दुसऱ्याच्या सुरुवातीला रागावतोही, ते आपण सोडून देऊ.) मी पहिल्या दिवशी पाचव्या मिनिटाला श्लोक काढला होता.

काल रात्री तिने लॅपटॉप उघडला. दुसऱ्या फेरीचा फॉर्म. "ई अँड टीसी आयटीच्या वर ठेवू का?" मला जे वाटलं ते सांगितलं. तिने तसं केलं नाही. पहिल्या क्रमांकावर अजूनही सीओईपी कॉम्प्युटरच होतं. मला दिसलं, पण मी काही बोललो नाही. ताईने दोघांसाठी पोहे आणले, आणि आम्ही बाकीची यादी भरत बसलो.

राम कृष्ण हरी.