निस्तार आणि गाळ

वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा-गोंदियापासून आमच्या बालाघाट जिल्ह्यापर्यंत, गावोगाव जुने तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत. त्यांतले पुष्कळ मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, काळात बांधले गेले. तलाव मालगुजाराचा, पण पाण्यावर हक्क गावाचा. धानाच्या बांधीला पाणी, गुरांना पाणी, धुणे, मासे. या वापराला आमच्याकडे निस्तार म्हणतात. जमीनबंदोबस्ताच्या वेळी हे हक्क वाजिब-उल-अर्ज या गावच्या दस्तऐवजात लिहून ठेवलेले असत. 1950च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. निस्ताराचा हक्क कागदावर टिकला. मात्र गाळ कोणी काढायचा आणि खचलेल्या पाळीवर माती कोणी टाकायची, हे पुष्कळ गावांत कोणाचेच काम उरले नाही. तलाव उथळ होत गेले. हक्क होता, पाणी कमी झाले.

ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा विचार करताना मला हे तलाव आठवतात. त्याचे लायसन्स म्हणजे एक प्रकारचा निस्तारच. प्रोग्रॅम वापरा, आतला कोड वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. एकदा दिलेली आवृत्ती कोणी परत मागू शकत नाही. पण गाळ कोण काढणार, हे लायसन्समध्ये लिहिलेले नसते.

माझ्याकडे पुठ्ठ्याच्या पाकिटातली, उबुंटू या ओपन सोर्स संगणकप्रणालीची एक सीडी अजून आहे. आमच्या लामत्यासारख्या लहान गावी ती टपालाने आली आणि टपालखर्चही द्यावा लागला नाही. उबुंटू बनवणारी कॅनॉनिकल ही कंपनी जगभर अशा सीड्या फुकट पाठवत असे. 2011मध्ये तिने ते थांबवले. त्या सीडीने माझ्या जुन्या संगणकाला आणखी कितीतरी वर्षे कामाला लावले. त्या उपकाराची मला जाण आहे. म्हणूनच कंपन्यांना सरसकट दोष देणाऱ्यांशी माझे पटत नाही.

पण कंपनीचा संसार कशावर चालतो, हेही समजून घेतले पाहिजे. उबुंटूसारख्या लिनक्स प्रणाली बनवणाऱ्या कंपन्यांना पैसा मिळतो तो बँका, टेलिफोन कंपन्या, सरकारी खाती यांच्या सर्व्हरवरून आणि त्यांच्या देखभालीच्या करारांवरून. घरच्या टेबलावरचा संगणक वापरणारा माणूस क्वचितच पैसे देतो. म्हणून हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली कात्री डेस्कटॉपवर चालते. रेड हॅटने 2003मध्ये सर्वांसाठीची ‘रेड हॅट लिनक्स’ ही मालिका थांबवली, मोठ्या ग्राहकांसाठी सशुल्क आवृत्ती ठेवली आणि बाकीच्यांना फेडोरा या फुकट आवृत्तीचा रस्ता दाखवला. कॅनॉनिकलने कित्येक वर्षे खपून उभा केलेला युनिटी डेस्कटॉप 2017मध्ये सोडून दिला. दोन्ही निर्णयांमागे हिशेब होता. ज्यांनी आपले रोजचे काम त्यावर बेतले होते, त्यांची ओढाताण झाली हेही तितकेच खरे.

आता दुसरी बाजू. भाचीच्या लग्नाची पत्रिका छापायची होती. इथल्या दुकानातला मुलगा दिवसभर हिंदी टाइप करतो. ‘वऱ्हाड’ लिहिताना त्याने र अर्धा केला, तसा तो उडी मारून ‘ह’च्या डोक्यावर रफार होऊन बसला. “काकाजी, हा कोणता र?” त्याने विचारले. हिंदीला या र ची गरजच पडत नाही. मी त्याला माझ्या संगणकावर इन्स्क्रिप्ट कीबोर्डने दाखवले: शिफ्ट दाबून र, मग हलन्त, मग ह. पडद्यावर लोहित फाँटमध्ये ‘वऱ्हाड’ जसे हवे तसे उमटले. लोहित म्हणजे तांबडा; रेड हॅटने 2004मध्ये भारतीय भाषांसाठी खुले केलेले हे फाँट. मराठीतला एवढासा र नीट बसवण्यासाठी कोणीतरी बसून काम केले आणि एका कंपनीने त्यासाठी पैसे मोजले. असे काम आपोआप होत नाही.

म्हणून माझे म्हणणे कंपनी आणि वापरणारे, दोघांनाही आहे. कंपनीने दिलेला शब्द पाळावा आणि हात काढून घ्यायचा असेल तर वेळेवर सांगावे. रेड हॅटशी जोडलेल्या सेंटओएस 8 या फुकट लिनक्सला 2029पर्यंत सुधारणा मिळतील असे सांगितले होते. 2020च्या डिसेंबरात ती मुदत एकदम 2021च्या अखेरीवर आणली गेली. विश्वास असा तुटला की तो सांधायला फार वर्षे लागतात. आणि वापरणाऱ्यांनी नुसते पाणी नेऊ नये. चूक दिसली तर ती कोणत्या पायरीवर झाली ते नीट लिहून कळवावे, मेनूमधला एखादा खटकणारा मराठी शब्द सुधारावा, शेजारच्या मुलाला शिकवावे. मराठीची अक्षरे नीट उमटतात की नाही, हे मराठी वापरणाऱ्यावाचून कोण तपासणार?

कंपनी बदलली तरी काम टिकवता येते, याचा पुरावा आहे. 2010च्या सुरुवातीला ओरॅकलने सन कंपनी घेतली आणि तिच्याबरोबर ओपनऑफिस हे ओपन सोर्स ऑफिस सॉफ्टवेअर ओरॅकलकडे गेले. त्याच सप्टेंबरात त्यावर काम करणाऱ्या अनेकांनी वेगळी संस्था स्थापून लिबरऑफिस सुरू केले. कोड नेण्याचा हक्क लायसन्सने दिला होता. पण तो हक्क कामी आला, कारण कोडची ओळख असलेले हात आधीपासून तयार होते. ते हात नसते, तर नुसत्या कागदाचा काय उपयोग झाला असता?

जुनी माणसे सांगतात, उन्हाळ्यात तलावातून काढलेला गाळ बैलबंडीने बांधीत टाकला की त्या वर्षी धान जोमाने येते. त्या दुकानातल्या मुलाने आता ‘वऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ लिहिण्याची ती बटणे वहीत लिहून ठेवली आहेत.