कोल्ह्याचा डाग

सहावीच्या वर्गात या वर्षी एक मुलगा नव्याने आला. घर फकीर बिरादरीचे. त्याच्या बाकावर दुसरे कुणी बसेना. ‘बसू नका, असे कुणी सांगितले?’ आम्ही विचारले. सारा वर्ग गप्प. कुणीच सांगितले नव्हते, हेच खरे होते. मग आम्ही त्या मुलाला जवळ घेऊन म्हणालो, ‘बेटा, खूप अभ्यास कर. पहिला नंबर आण. मग बघ, सगळे तुझ्याजवळ बसतील.’ आपण फार चांगले बोललो, असे त्या दिवशी आम्हाला वाटले.

याच मुलांना ‘नारुतो’ या जपानी कार्टून मालिकेचे वेड आहे. मासाशी किशिमोतो यांची ही चित्रकथा १९९९ साली सुरू झाली आणि २००२ साली तिची मालिका झाली. मुलांच्या आग्रहाखातर आम्हीही ती पाहू लागलो. पहिल्याच भागाने आम्हाला आमच्या वर्गात आणून उभे केले.

नऊ शेपट्यांचा एक राक्षसी कोल्हा गावावर चालून येतो. गावाचा प्रमुख त्याला नुकत्याच जन्मलेल्या नारुतोच्या पोटात कोंडतो आणि स्वतः प्राण सोडतो. म्हणजे गाव वाचते ते या मुलामुळे. पण गावाला त्याच्यात दिसतो तो फक्त कोल्हा. या गोष्टीची वाच्यता करू नये, असा पुन्हा सूत्रे हाती घेतलेल्या आधीच्या प्रमुखाचा हुकूम असतो. मोठी माणसे हुकूम पाळतात, पण त्यांची नजर बोलतच राहते. मुले ती नजर शिकतात. शाळेबाहेरच्या झोपाळ्यावर नारुतो एकटाच बसलेला असतो. आम्हाला तो रिकामा बाक आठवला.

हे जपानचेच आहे असे नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींवर जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का मारण्याची सुरुवात केली. १९५२ साली तो कायदा गेला. तरी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गावात चोरी झाली की पहिली नजर पारध्यांच्या बेड्याकडेच वळते. कायदा पुसता येतो. नजर कोण पुसणार?

आणि आम्ही तरी कोण? नमाजाच्या सफेत खांद्याला खांदा लावतो. सोयरिकीची गोष्ट निघाली की आधी बिरादरी विचारतो. वर, लोक आमच्याकडे संशयाने पाहतात ही आमची तक्रार असतेच. ती खोटी नाही. ‘कलामसाहेबांसारखे व्हा’ असे आम्हाला कौतुकाने सांगितले जाते, तेव्हा त्यातली अट आम्हाला बरोबर टोचते. साध्या माणसाने साधे राहून इज्जत मागू नये काय? तीच अट आम्ही एका अकरा वर्षांच्या पोरावर घातली होती. पहिला नंबर आला नाही तर त्याने एकटेच बसायचे होते काय?

नारुतोही गावाचा प्रमुख होण्याचे स्वप्न पाहतो, कारण मग तरी लोक आपल्याला मानतील. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला जब्या मात्र शेवटी दगड भिरकावतो आणि तो थेट पाहणाऱ्यांच्या, म्हणजे आमच्या दिशेने येतो. आम्हाला जब्याचा प्रश्न अधिक खरा वाटतो. सिद्ध व्हायचे कुणी? दूर लोटलेल्याने की लोटणाऱ्याने?

नारुतोच्या गोष्टीत याचे उत्तर एक शिक्षक देतो. इरुकाचे आईवडील त्या कोल्ह्याच्या हल्ल्यातच मेले. त्याचे दुःख खोटे नाही. तरी हा मुलगा म्हणजे तो कोल्हा नव्हे, एवढा फरक तो करतो. परीक्षेत नापास झालेल्या त्या मुलावरचा वार तो स्वतःच्या पाठीवर घेतो आणि शेवटी स्वतःची कपाळपट्टी सोडून त्याच्या कपाळी बांधतो. ती पट्टी म्हणजे गावचा असल्याची खूण.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमची खुर्ची उचलून त्या मुलाच्या बाकाशेजारी ठेवली आणि तिथूनच धडा वाचला. वर्ग एका दिवसात बदलला, असे आम्ही म्हणणार नाही. आठवड्याने एक मुलगा दप्तर घेऊन त्या बाकावर आला. त्या दप्तरावर कोल्ह्याचे चित्र चिकटवलेले होते. नव्या मुलाचा पहिला नंबर अजून आलेला नाही. येवो न येवो.